एका डोळ्याची नजर अचानक गेली तर

मंडळी, आजचा पाठ डोळ्यांविषयी आहे. तो मी कुठल्या पुस्तकातून उतरवलेला नाही. माझ्या डाव्या डोळ्याने मला दिसत नाही. तो कसा गेला, माझे काय चुकले आणि पुढे एका डोळ्याने मी कसा वावरू लागलो, ते सांगतो. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर माझ्यासारखे दोन दिवस घरात बसून राहू नका.

ज्येष्ठाचा महिना होता. सकाळी मी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. वाचता वाचता पानाच्या डाव्या बाजूवर सावली पडल्यासारखे झाले. मला वाटले, कोणी येऊन उभे राहिले. मान वळवून पाहिले तर कोणीच नाही. डोळे चोळले. चष्मा पुसला. मग उजव्या डोळ्यावर हात ठेवला, आणि अंगणच नाहीसे झाले. समोरचा लिंब नाही, गोठा नाही, काही नाही. एका कडेला थोडा उजेड तेवढा होता.

दुखत काहीच नव्हते. डोळा लाल नव्हता. पाणी येत नव्हते. तिथेच माझी चूक झाली. आपल्या मनात असे पक्के बसलेले असते की दुखेल तो आजार. जे दुखत नाही, ते आपोआप जाईल.

घरातून मंडळी बाहेर आल्या. म्हणाल्या, "अहो, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

मी म्हटले, "अगं, रात्री जागरण झालं ना लग्नात. उष्णता झाली असेल. उतरेल संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळपर्यंत उतरले नाही. मग कोणी गुलाबपाणी सांगितले, कोणी डोक्यावर एरंडेल थापायला सांगितले, कोणी मध घालायला सांगितला. सांगणारे सगळे जिव्हाळ्याचे. दुसरा दिवस बाजाराचा होता, तोही गेला. तिसऱ्या दिवशी मुलाने मला जवळजवळ ओढूनच एस.टी.त बसवले आणि जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात औषध घातले. बाहुली मोठी झाल्यावर दिवा धरून बराच वेळ आत पाहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, दिसायचं बंद झालं ते किती वाजता?"

मी म्हटले, "परवा सकाळी. सात वाजले असतील."

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला समजले. चाळीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. निकाल तोंडावर दिसतो.

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते मी आपल्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. समोरचे चित्र त्या पडद्यावर उमटते आणि एका जाड शिरेवाटे मेंदूकडे जाते. या पडद्याला रक्त पुरवणारी एक बारीक नळी असते. शेताला जसा पाट, तशी ती नळी. पाटात एखादे ढेकूळ अडकले म्हणजे पाणी पुढे जात नाही आणि वाफा कोरडा पडतो. माझ्या डोळ्यात तसेच झाले होते. रक्ताची छोटी गुठळी त्या नळीत अडकली होती. फरक एवढाच, की उसाला पाणी मिळाले नाही तर तो आठ-पंधरा दिवस तग धरतो. डोळ्याचा पडदा रक्तावाचून काही तासच जगतो. पहिल्या तासांत मोठ्या दवाखान्यात पोचले तर काही करता येण्याचा थोडा संभव असतो. दोन दिवसांनी तोही उरत नाही.

बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. "यापूर्वी कधी असं झालं होतं का? थोडा वेळ दिसेनासं होऊन पुन्हा दिसायला लागलं?"

झाले होते. पंधरा दिवसांपूर्वी एस.टी.च्या थांब्यावर उभा असताना त्याच डोळ्यापुढे अंधारी आली. पाचेक मिनिटे राहिली आणि गेली. मी कोणाला बोललो नाही. घरीसुद्धा नाही. शाळा भरण्याआधी पहिली घंटा होते, तशी ती घंटा होती. ती ऐकून मी दवाखान्यात गेलो असतो तर रक्तदाब तेव्हाच कळला असता. तो कळला तिसऱ्या दिवशी, डोळा गेल्यावर. १९० वर ११०. मला वाटायचे, माझी प्रकृती ठणठणीत आहे. रक्तदाब वाढला तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही, हे मुलांना शिकवणाऱ्या मला ठाऊक नव्हते असे नाही. स्वतःला लागू आहे असे वाटले नव्हते.

डॉक्टरबाईंनी मला डोळ्यावरच सोडले नाही. म्हणाल्या, जी गुठळी डोळ्यात अडकली, तशी दुसरी मेंदूत जाऊ शकते. मग लकवा होतो. म्हणून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवून हृदय आणि मानेतल्या रक्तवाहिन्या तपासून घेतल्या. गोळ्या सुरू झाल्या. तंबाखू सुटली. ती तीस वर्षांत सुटत नव्हती, त्या दिवशी सुटली.

आता हे लक्षात घ्या, की एका डोळ्याची नजर अचानक जाण्याचे कारण प्रत्येक वेळी हेच नसते. आमच्या आळीतल्या एका आजींची गोष्ट वेगळी झाली. त्यांच्या डोळ्यापुढे आधी वीज चमकल्यासारखे होऊ लागले. मग एके सकाळी काळ्या चिलटांचा थवाच्या थवा डोळ्यात उडू लागला. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यातून काळा पडदा खाली यायला लागला. माझी गत त्यांनी पाहिलेली होती. त्यांनी सुनेला हाक मारली आणि त्याच दिवशी गाडी करून गेल्या. त्यांच्या डोळ्याचा आतला पडदा जागेवरून सुटत होता, भिंतीचा गिलावा सुटतो तसा. पडद्याचा मधला भाग सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली. आज त्या त्याच डोळ्याने तांदूळ निवडतात. ज्यांच्या चष्म्याचा लांबचे पाहण्याचा नंबर मोठा आहे, ज्यांच्या डोळ्याला मार बसला आहे, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त. एखादे दुसरे चिलट पुष्कळांच्या डोळ्यापुढे वर्षानुवर्षे तरंगते, त्याला भिण्याचे कारण नाही. एकदम वाढले, चमकू लागले, की निघायचे.

ज्यांना साखरेचा आजार आहे, म्हणजे मधुमेह आहे, त्यांच्या पडद्यावर नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यातली एखादी फुटली की डोळ्यात रक्त उतरते. धूर भरल्यासारखे दिसते, किंवा कोळ्याचे काळे-तांबडे जाळे डोळ्यापुढे हलते. साखर असणाऱ्याने वर्षातून एकदा डोळ्याचा आतला पडदा दाखवला तर ही वेळ येण्याआधीच उपचार करता येतात. नुसता चष्म्याचा नंबर काढून आणणे म्हणजे पडदा दाखवणे नव्हे. बाहुली मोठी करून आत पाहावे लागते.

काचबिंदूचा झटका आला तर मात्र दुखते, आणि भयंकर दुखते. डोळा लाल होतो, अर्धे डोके फुटते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरची माणसे पित्त समजून कोकमाचे सरबत देत बसतात. तेवढ्यात डोळा जातो. ओकारी, डोके आणि लाल डोळा ही तिन्ही एका वेळी आली तर ते पित्त समजू नका.

तरण्या माणसालाही होते. डोळा फिरवला की आत दुखते, रंग फिके दिसतात, तांबडे कापड विटल्यासारखे वाटते आणि चार-आठ दिवसांत नजर मंद होते. ती डोळ्याच्या मागच्या शिरेची सूज असते. तिच्यावर उपचार आहेत. पन्नाशीपुढच्या माणसाला कानशिलात दुखणे, केस विंचरताना डोके हुळहुळणे, भाकरी चावताना जबडा दुखणे, आणि त्यातच एका डोळ्याला दिसेनासे होणे, असे झाले तर एक दिवसही थांबू नये. त्या आजारात दुसरा डोळाही थोड्याच दिवसांत जाऊ शकतो. वेळेवर औषध मिळाले तर तो बहुधा वाचवता येतो.

मार लागून जाणारे डोळे आपल्या भागात थोडे नाहीत. उसाचे पाते, बाभळीचा काटा, कडबा कुट्टीतून उडालेला तुकडा, घणाखाली उडालेली ठिणगी. काटा किंवा तुकडा डोळ्यात घुसलेला असेल तर तो उपटू नका, डोळा दाबू नका, धुऊही नका. त्यावर दाब न पडेल अशी एखादी वाटी किंवा कागदी कप उपडा धरून तसेच दवाखान्यात न्या. चुना किंवा फवारणीचे औषध डोळ्यात गेले तर मात्र उलटे. तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याची धार धरा. पापण्या उघड्या ठेवून किमान वीस-तीस मिनिटे धुवा आणि मग निघा. आधी दवाखाना शोधू नका, आधी पाणी. पान खाणाऱ्यांच्या घरी चुन्याची डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. चुन्याची पुडी दाबताना फुटली आणि डोळ्यात उडाली, अशी मुले मी शाळेत पाहिली आहेत. त्यांच्या बुबुळावर फूल पडलेले जन्मभर राहते.

आणि डोळ्यात घालायच्या घरगुती वस्तूंविषयी मी आता फार स्पष्ट बोलतो. कोणाला राग आला तरी चालेल. अंगावरचे दूध, तूप, मध, पाल्याचा रस, हळदीचे पाणी, जिभेने कचरा काढणारी बाई, यातले काहीही नको. औषधाच्या दुकानात जाऊन "डोळ्यात घालायचे थेंब द्या" म्हणणेही नको. लाली घालवणाऱ्या काही थेंबांनी काचबिंदू वाढतो, आणि बुबुळावर जखम असेल तर ती चिघळते.

निघायचे कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे जा. पण तिथे डोळ्यांचे डॉक्टर रोज असतातच असे नाही. म्हणून आधी फोन करून विचारा, किंवा सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. डोळा एकाएकी गेला आणि जोडीला तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते असे झाले, तर तिलाच बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. सोबत माणूस घ्या, कारण डोळ्यात औषध घातल्यावर चार-सहा तास दोन्ही डोळ्यांना अंधूक दिसते. नजर किती वाजता गेली ते कागदावर लिहून न्या. चालू असलेल्या गोळ्या पिशवीत घ्या. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्या विद्येचा असाही उपयोग आहे.

आता पुढचे. डोळा गेला तो गेला. घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याला चहा ओतायला गेलो आणि सगळा चहा कपाच्या अलीकडे, सतरंजीवर सांडला. पाहुणा म्हणाला, "असू द्या, गुरुजी." मला मात्र कान कापल्यासारखे झाले. त्या महिन्यात दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज लागे. जिन्याची शेवटची पायरी आहे असे समजून पाय टाकला तर ती संपलेली असे, आणि संपली म्हणून टाकला तर एक शिल्लक असे. कोणी डाव्या बाजूने येऊन बोलले की मी दचके. सुईत दोरा तर नाहीच. घरच्यांवर चिडत असे. मुलाने जिन्यात हात धरला तर झिडकारला. रात्री झोप येईना. उजवा डोळा मिटताना भीती वाटायची, की सकाळी उघडल्यावर दिसले नाही तर? ही भीती सगळ्यांनाच वाटते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. मी ती कोणाला सांगत नव्हतो, म्हणून ती वाढत होती. शेवटी एका रात्री मंडळींना सांगितली. त्या म्हणाल्या, "मला काय कळत नव्हतं होय?" त्यानंतर थोडी झोप लागू लागली.

हे चहा सांडणे कशामुळे होते? करून पाहा. तर्जनी डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर उभी धरा. एकदा उजवा डोळा मिटा, एकदा डावा. बोट भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते. म्हणजे प्रत्येक डोळ्याला बोट वेगळ्या जागी दिसते. आपले दोन डोळे साधारण सहा सेंटीमीटर अंतरावर आहेत, म्हणून दोघांची चित्रे थोडी निराळी. मेंदू ती दोन चित्रे एकावर एक ठेवतो आणि त्यावरून वस्तू किती लांब आहे ते काढतो. आता एक डोळा मिटा, दोन्ही हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा आणि झटकन त्यांची टोके एकमेकांना लावा. चुकेल. माझा कप असाच चुकला.

दुसरी अडचण बाजूची. दोन डोळ्यांनी आपल्याला जेवढे दिसते, त्यातला गेलेल्या डोळ्याच्या अंगाचा पाचवा-सहावा हिस्सा कमी होतो. मध्ये नाक आडवे येते. ऐकायला हे थोडे वाटते. पण बैल, मोटारसायकल आणि नातू हे तिघेही त्याच हिश्श्यातून येतात.

पण मंडळी, अंतर कळायला दोन डोळेच लागतात असे नाही. मेंदूला दुसऱ्याही खुणा कळतात. जवळची वस्तू मोठी, लांबची लहान. पुढची वस्तू मागचीला झाकते. सावली पडते. आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे हालचाल. धावत्या एस.टी.तून पाहा. कडेची झाडे भराभर मागे पळतात, लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालतो. तसेच डोके थोडे डावी-उजवीकडे हलवले की जवळच्या वस्तू जास्त सरकतात, लांबच्या कमी. गवतातला नाकतोडा उडी मारण्याआधी अंग असेच दोन्हीकडे झुलवतो आणि अंतर जोखतो. मी त्याच्याकडून शिकलो म्हणा ना. ओट्यावर बसून मी डोके हलवत समोरच्या लिंबाचे अंतर काढायचो, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या लोकांना वाटायचे, गुरुजींचे डोकेही गेले.

ओतण्याची युक्ती सोपी आहे. किटलीची चोच कपाच्या काठाला आधी टेकवायची, मग ओतायचे. एक बोट कपाला लावून ठेवले तर आणखी चांगले. कोणी वस्तू हातात देत असेल तर आपण झडप घालायची नाही, हात पुढे करून स्थिर ठेवायचा, त्याने ठेवू द्यायचे. खाली उतरताना पायाने पायरी चाचपायची. आमच्या घरच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मुलाने पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला आहे. एक डबा रंग लागला. त्याचा उपयोग मला झाला आणि माझ्याहून जास्त त्याच्या आजीला झाला. संडास-न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा ठेवला. अंधूक उजेडात सावल्या कळत नाहीत, आणि सावल्या हीच तर आता आमची मोजपट्टी.

मान वळवण्याची सवय लावावी लागते. नुसता डोळा फिरवून भागत नाही, मानच वळवावी लागते, आणि दारातून निघताना, वळणावर, गोठ्यात शिरताना ती आपण होऊन वळली पाहिजे. रस्ता ओलांडताना गेलेल्या डोळ्याच्या बाजूला दोनदा पाहावे. सभेत, पंगतीत बसताना मी डाव्या टोकाला भिंतीशी बसतो, म्हणजे सगळी माणसे उजव्या बाजूला येतात. चालताना सोबत्याला डाव्या हाताला घेतो, तो तिकडचे पाहतो. घरच्यांनीही एवढे करावे, की डावीकडून येताना आधी आवाज द्यावा.

पहिल्या काही महिन्यांत कुऱ्हाड, विळा-कोयता, शिडी, कडबा कुट्टी आणि विहिरीचा काठ यांच्यापासून दूर राहावे. यात कमीपणा नाही. मोटारसायकल तर डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय आणि परवान्याविषयी आर.टी.ओ. कचेरीत विचारल्याशिवाय चालवूच नये. बहुतेकांना सराव व्हायला काही महिने ते वर्ष लागते. माझा चहा दिवाळीला कपात पडू लागला. सुईत दोरा पुढच्या पाडव्याला गेला. टोक बोटाशी टेकवून, पाचव्या खेपेला गेला, पण गेला. जवळचे बारीक काम अजूनही मला हळूच करावे लागते. ते पूर्वीसारखे होईल असे मी सांगणार नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे सगळे चहा-सुईपुरते ठीक. तर ऐका. मन्सूर अली खान पतौडी हे क्रिकेट खेळणारे. १९६१ साली इंग्लंडात मोटारीच्या अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. वेगाने येणारा चेंडू, आणि एक डोळा! सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले. १९६२ साली, एकविसाव्या वर्षी, संघाचे कर्णधार झाले. पुढे कसोटीत त्यांनी सहा शतके काढली. १९६४ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध २०३ धावा करून ते नाबाद राहिले. पंजाबचे महाराज रणजितसिंह यांचा डावा डोळा लहानपणी देवी येऊन गेला होता, आणि राज्य त्यांनी कसे केले ते इतिहासात आहे. आपल्या पुराणातले शुक्राचार्य तर सगळ्यांना माहीत आहेत. झारीच्या तोटीत बसले, वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि एक डोळा गेला. म्हणून त्यांचे गुरुपद कोणी काढून घेतल्याचे मी वाचलेले नाही.

असे असून आपल्याकडे सकाळी एका डोळ्याचा माणूस समोर आला तर अपशकुन मानतात. माझ्याच हाताखाली शिकलेला एक गृहस्थ बियाणे आणायला निघाला होता. मला पाहून माघारी वळला आणि चपला काढून पाच मिनिटे थांबला. मी त्याला बोललो नाही. त्याला मी तिसरीत विज्ञान शिकवले होते. ते कमी पडले असणार.

उरलेल्या डोळ्याविषयी दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे, सगळा भार त्याच्यावर पडून तोही झिजेल. असे होत नाही. वाचून, शिवून डोळा झिजत नाही. डोळे दमले तर थोडे थांबावे, एवढेच. दुसरा गैरसमज उलटा, की एक आहे ना, मग काळजी कसली? खरी काळजी आताच. माझ्याकडे सुटे भाग नाहीत. लाकूड फोडताना, खुरपताना, उसात शिरताना, घरात काही ठोकताना मी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा घालतो. नंबर नसला तरी तसा चष्मा मिळतो. चालू गाडीवर मागे बसतानाही घालतो. वर्षातून एकदा डोळा आतून तपासून घेतो. रक्तदाब दर महिन्याला, साखर डॉक्टर सांगतील तेव्हा. या गोळ्या डोळ्यासाठी नाहीत असे समजून मी एकदा आठ दिवस बंद केल्या होत्या. डॉक्टरबाईंनी मला, निवृत्त मुख्याध्यापकाला, मुलासारखे रागे भरले. बरोबर केले.

पैशाचीही गोष्ट सांगून ठेवतो. डोळा गेल्यावर चार महिन्यांत माझ्याकडे दोन माणसे आली. एकाने दुसऱ्याचा डोळा बसवून देतो म्हणून सांगितले. नेत्रदानातून मिळते ते डोळ्यावरचे पारदर्शक बुबुळ. ज्याचे बुबुळ पांढरे झाले आहे, फूल पडले आहे, त्याला त्याने दिसू शकते. ज्याचा आतला पडदा किंवा शीर मेली आहे, त्याला नाही. संपूर्ण डोळा बसवून नजर आणून देणारा डॉक्टर अजून जगात नाही. दुसऱ्याने अपंगत्वाचा दाखला आणि पगार मिळवून देतो म्हणून पाच हजार मागितले. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर सरकारी कोष्टकात ते अपंगत्व ३० टक्के धरतात. २०१६ च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. दाखला सरकारी रुग्णालयातच मिळतो आणि त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. दुसऱ्या डोळ्याची नजरही कमी असेल तर अवश्य जाऊन तपासून घ्यावे, टक्के वाढतात.

आता शेवटचे काम. हे पुस्तक खाली ठेवू नका. चष्मा असेल तर तो लावा. डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि हीच ओळ वाचा. आता उजवा झाका आणि हीच ओळ पुन्हा वाचा. मग दारात उभे राहून लांबच्या एखाद्या झाडाकडे असेच एकेका डोळ्याने पाहा. पुष्कळ माणसांचा एक डोळा मोतीबिंदूने हळूहळू गेलेला असतो आणि दुसरा त्याची उणीव झाकत असतो. कधीतरी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो चोळताना दुसऱ्याने दिसत नाही असे कळते, आणि माणूस म्हणतो, नजर अचानक गेली. ती अचानक गेलेली नसते. अशा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते आणि नजर परत येते. दोन्ही डोळ्यांनी अक्षरे सारखी दिसली तर उत्तम. एका डोळ्याने पुसट, वाकडी किंवा अर्धवट दिसली, तर आज वर्गात तुमच्या शिक्षकांना सांगा आणि उद्याच्या पहिल्या गाडीने निघा. आत्ता, या क्षणी एका डोळ्याने दिसायचेच बंद झाले असेल, तर उद्याची गाडी नको. घड्याळ पाहा, वेळ लिहून घ्या आणि शेजाऱ्याला हाक मारा.